अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण

मुख्याध्यापिका होऊन मला बरीच वर्षं झाली होती, शिकायचं ते सगळं चटके खाऊन शिकून झालं होतं, आणि मग मला मुख्याध्यापक कसं व्हावं याचं प्रशिक्षण मिळालं. शिक्षण खात्यात कामाचा क्रम हा असाच असतो. आधी माणसाला पाण्यात ढकलतात, आणि तो धडपडत काठाला लागला की त्याला पोहण्याच्या वर्गाला बसवतात.

प्रशिक्षण सोलापुरातच होतं, पाच दिवसांचं. जिल्ह्यातले मुख्याध्यापक एका सभागृहात जमवले होते. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी बॅनरखाली सगळ्यांचा फोटो काढून घेतला, कारण शेवटच्या दिवशी फोटोपुरतीही माणसं उरत नाहीत हे आयोजकांना अनुभवानं कळलेलं होतं. मग गट पाडले आणि गटांना फुलांची नावं दिली. मी मोगऱ्यात होते. पलीकडच्या टेबलावर करमाळा तालुक्यातले एक पिकल्या मिशांचे मुख्याध्यापक होते, ते जाई.

मार्गदर्शक तिशीचा असेल. त्यानं कधी शाळा चालवली नव्हती, पण शाळा चालवणाऱ्यांना पाच पाच दिवस चालवायचा त्याला चांगलाच सराव होता. त्यानं आमच्याकडून पावसाची टाळी वाजवून घेतली. आधी एका बोटानं, मग दोन, मग पूर्ण हातानं. मग डोळे मिटायला लावले आणि आपली शाळा हे एक झाड आहे अशी कल्पना करायला सांगितली. मी डोळे मिटले, तर मला झाडाच्या जागी नववीचा वर्ग दिसला, आणि त्यात शिक्षक नव्हता. डोळे उघडून बघितलं तर अर्धं सभागृह टेबलाखाली मोबाइल धरून आपापली शाळा चालवत होतं. कुणी खिचडीचा तांदूळ निवडून घ्यायला सांगत होतं, कुणी ऑफिसची चावी कुठं ठेवली ते सांगत होतं. जिल्ह्यातल्या शाळा सुधाराव्यात म्हणून त्या सगळ्या एकाच वेळी मुख्याध्यापकाविना ठेवल्या होत्या.

मी उभी राहून विचारलं, की माझी एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर आहे, एकजण मतदार यादीच्या कामाला गेलाय आणि एकजण आज न सांगताच आलेला नाही, तर आठवीच्या दोन तुकड्यांवर मी कुणाला पाठवू? मार्गदर्शक म्हणाला, प्रश्न फार सुंदर आहे. त्यानं तो पिवळ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आणि शेवटी घेऊ म्हणाला. पाचव्या दिवशी तो कागद पंख्याच्या वाऱ्यानं पडला आणि कुणाच्या तरी बुटाला चिकटून चहाकडे गेला.

हे मी गमतीनं लिहितेय असं वाटेल, पण मला त्याचा राग आहे आणि अजून गेलेला नाही. माझी आई उजनीच्या काठावरच्या गावातून डोक्यावर पाटी घेऊन जेऊरच्या बाजाराला मासे विकायला यायची. घासाघीस मी तिच्या शेजारी बसून शिकले. पुढचं शिक्षण नातेवाइकांच्या घरी भांडी घासून झालं, आणि सोलापुरात नोकरी मिळाली तीही कुणाच्या चिठ्ठीवर नाही. मुख्याध्यापिका झाले त्या दिवशी आधीच्या सरांनी माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि ते स्वतःच्या निरोपाच्या जेवणाला गेले. पगारबिल कसं जातं, माहिती कुठल्या तारखेला भरायची, संस्थेच्या अध्यक्षांना नाही कसं म्हणायचं, चिडलेल्या बापाला खुर्ची द्यायची की पाणी, यातलं एक अक्षर मला कुणी दाखवलं नाही. आणि एवढ्या वर्षांनी बोलावून टाळ्या वाजवायला शिकवलं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण माझी निवृत्ती जवळ आली, आणि खुर्चीचा प्रश्न उभा राहिला.

आमच्यासारख्या खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेनं मिळतं. रांगेत पुढं असेल त्याला ते घ्यावं लागतं, नको असेल तर नकार लिहून द्यावा लागतो. हल्ली नकारच जास्त येतात. माझ्यानंतर रांगेत होत्या आमच्या पर्यवेक्षिका. विणकर घरातल्या, घरी तेलुगू, शाळेत स्वच्छ मराठी, आणि गणित असं शिकवायच्या की मागच्या बाकावरची पोरंही वहीतून मान वर काढायची. हुशार बाई, पण त्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलेलं होतं, "मॅडमना विचारून सांगते." खडू संपला तरी मॅडमना विचारून, पाऊस आला म्हणून मुलं आत घ्यायची तरी मॅडमना विचारून.

त्यांनी नकार दिला असता तर पुढचा नंबर होता आमच्या एका सरांचा. हे सर अध्यक्षांच्या बहिणीचे जावई. यांचा प्रशासनातला मोठा गुण म्हणजे आपल्या वरच्या माणसात यांना आजवर एकही दोष सापडलेला नाही. माझ्या निवृत्तीला अवकाश होता तेव्हापासूनच ते घरी आलेल्या पाहुण्यांना शाळा दाखवायला आणायचे, आणि त्यात माझी केबिन जरा सावकाश दाखवायचे. या माणसाच्या हाती शाळा गेली असती तर तिथं वर्षभर सत्कार झाले असते आणि राहिलेल्या वेळात शिकवणं झालं असतं. म्हणून पर्यवेक्षिकाबाईंनी खुर्ची घ्यायलाच हवी होती.

मी त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं. तेच पाच दिवस, तेच सभागृह, नाव मात्र बदललेलं, आता ते नेतृत्व सक्षमीकरण झालं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शाळेत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मॅडम, मी नकार लिहून देते."

झालं होतं असं, की एका निवृत्त अधिकाऱ्यांनी सकाळपासून जेवणापर्यंत कोणता मुख्याध्यापक कशामुळं निलंबित झाला याच्याच गोष्टी सांगितल्या होत्या. पोषण आहारातल्या पालीपासून पटावरच्या एका जादा मुलापर्यंत. जेवण झाल्यावर पावसाची टाळी. बाई म्हणाल्या, "खुर्चीवर बसलं की आत जायचं एवढंच कळलं मला. चालवायची कशी ते कुणी बोललंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्या प्रशिक्षण संस्थेत गेले. तिथले अधिकारी गोड बोलणारे होते. त्यांनी चहा मागवला. मी म्हणाले, डॉक्टर घडवायचा तर त्याला रोग्याजवळ उभं करतात, आणि तुम्ही मुख्याध्यापक घडवायचा तर त्याला शाळेपासून पाच दिवस लांब नेता. ते म्हणाले, संकल्पना उत्तम आहे. मी म्हणाले, उत्तम आहे हे मला माहीत आहे, मी दिवस मागायला आलेय. तुमचे पाचही दिवस मला द्या. होऊ घातलेले मुख्याध्यापक माझ्या शाळेत आणून बसवा, साध्या वारी, काही न ठरवता. ते बघतील शाळेत सकाळी काय काय येतं आणि त्याचं काय करायचं.

पाच मिळणार नाहीत हे मलाही ठाऊक होतं. पण पहिला भाव खाली बोलला की माणूस त्याच्याही खाली ओढतो. त्यांनी मला पंधरा मिनिटांचं अनुभवकथन देऊ केलं. मी खुर्ची मागं सारली. मग ते दोन तासांवर आले. वेळापत्रक वरून मंजूर होऊन येतं म्हणाले, नाश्ता सभागृहातच ठरलाय म्हणाले, गाडीची सोय नाही म्हणाले. मी म्हणाले, नाश्ता मी खिचडीचा देते आणि गाडीसाठी तुमच्या वरच्या साहेबांशी मी बोलते. वरच्या साहेबांचं नाव निघाल्यावर गाडीची सोय झाली. शेवटी पुढच्या तुकडीच्या शेवटच्या दिवसाचा पहिला अर्धा भाग माझ्या पदरात पडला. माझी अट एकच होती, समारंभ नको.

"छे छे," ते म्हणाले, "अगदी साधं."

मला तिथंच कळायला हवं होतं. आमच्या जिल्ह्यात अगदी साधं म्हणजे एक हार कमी.

त्या आधीचे दोन दिवस मी बोर्डाच्या कामाला बाहेरगावी होते. सकाळी शाळेत येऊन बघते तर गेटपासून हॉलपर्यंत रांगोळी. हॉलमध्ये स्टेज, स्पीकर, बॅनर, आणि बॅनरवर अध्यक्षांचा फोटो माझ्या शाळेच्या फोटोपेक्षा मोठा. जावईसरांनी सगळं अंगावर घेतलं होतं. नववीच्या दंगेखोर पोरांना त्यांनी सुट्टी दिली होती. रजेवरच्या दोन शिक्षकांना एका दिवसापुरतं बोलावून घेतलं होतं. आलेल्या पालकांना उद्या या म्हणून गेटवरूनच परतवून लावायला शिपायाला बसवलं होतं. शाळेत काय घडतं ते बघायला माणसं येणार होती, म्हणून यांनी शाळेत काही घडणारच नाही असा पक्का बंदोबस्त केला होता. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाहुणे येणार. घर आवरायला नको का?"

तोवर मिनीबस आली आणि थेट गेटात उभी राहिली. ड्रायव्हर किल्ली खिशात टाकून चहाला गेला.

मला स्टेजवर बसवलं. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला ते गोड बोलणारे अधिकारी. दीपप्रज्वलनाला पंखे बंद केले ते पुन्हा लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग स्वागतगीत, मग सत्कार. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला टॉवेल आणि गुलाबाचं फूल, आम्हा तिघांना सोलापुरी चादर. उन्हाळा तोंडावर आलेला आणि माझ्या खांद्यावर दुहेरी विणीची चादर. जावईसर माइकवर होते आणि त्यांना माइक फार मानवतो. समोर होऊ घातलेले मुख्याध्यापक फुलं हातात धरून बसले होते. घासाघीस करून आणलेला माझा अर्धा दिवस माझ्या डोळ्यांदेखत टॉवेलात गुंडाळला जात होता.

अध्यक्ष बोलायला उठले. शाळा कशी उभी केली हे त्यांचं भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय, की पत्र्याची शेड कधी येणार आणि त्यांचा गळा कधी दाटून येणार हे मला आधीच कळतं. शेडपाशी ते पोचले तेव्हा मला खिडकीतून टँकर दिसला. आमच्या भागात नळाला पाणी येतं ते स्वतःच्या मर्जीनं, आणि त्या दिवशी शाळेची टाकी कोरडी होती. खिचडी थांबलेली, संडास बंद. टँकर मीच महामुश्किलीनं त्या सकाळचा ठरवला होता. आणि गेटात आडवी मिनीबस. टँकरवाला हॉर्न वाजवत होता. अध्यक्षांनी आवाज चढवला.

मी उठायला लागले. अध्यक्षांनी बोलता बोलताच माझ्या चादरीवर हात ठेवून मला खाली बसवलं. "बसा मॅडम, आता तुमच्याबद्दलच बोलतोय."

दारात पर्यवेक्षिकाबाई आल्या. टँकर अडला म्हणून शिपायानं त्यांना हॉलमधून उठवून नेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चादरीतून हात काढून खुणा केल्या, की ड्रायव्हरला शोधा, चहाच्या गाड्यावर असेल, टँकरला थांबवून धरा. एवढं सगळं मी एका हातानं सांगितलं. नंतर त्या म्हणाल्या, मॅडम, मला वाटलं तुम्ही पंखा लावायला सांगताय.

त्यांनी पंखा लावला. मग थोडा वेळ बटणापाशीच उभ्या राहिल्या. तेवढ्यात टँकरवाला गाडी मागं घेऊ लागला. तो गेला असता तर दुपारपर्यंत परत आला नसता. मग बाई हॉलच्या शेवटच्या रांगेपाशी गेल्या आणि भाषण चालू असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मोठी गाडी कुणाला येते?"

उजनीकडच्या एका गावातले गुरुजी उठले. घरची केळी, घरचा ट्रॅक्टर. त्यांच्यामागं दोघे उठले, मग रांगच उठली. शहाण्या माणसांना भाषणातून बाहेर पडायला एवढं निमित्त पुरतं. मी स्टेजवरून खुर्च्यांच्या पाठी बघत बसले.

पुढचं मी खिडकीतून बघितलं, आणि जे दिसलं नाही ते नंतर त्या गुरुजींनी सांगितलं. टँकरवाला म्हणत होता, "थांबायला येळ न्हाय मला, फुडं दोन जागी जायचंय." बाई त्याच्या गाडीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमची पोरगी सातवीत आहे ना?"

"हाय की. मग?"

"आज तिला खिचडी नाही. कुणामुळं नाही ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं. गुरुजींनी मिनीबसच्या स्टेअरिंगवर बसून ब्रेक सोडला आणि बाकीच्या होऊ घातलेल्या मुख्याध्यापकांनी खांद्यावरचे टॉवेल कमरेला बांधून ती रांगोळीवरून ढकलत नेली. त्याच वेळी गेटवर एक विडी वळणारी बाई अडून बसली होती. शिपायानं तिला उद्या या सांगितलं होतं, आणि ती म्हणत होती, उद्याचा खाडा कोण भरून देणार? तिला नववीतल्या पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, घरी धाकटं बाळ सांभाळायला कुणी नाही म्हणून. पर्यवेक्षिकाबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि दोघी तेलुगूत बोलू लागल्या. भोवती प्रशिक्षणार्थी उभे. बराच वेळ बोलणं झालं. आईचा आवाज आधी चढला, मग उतरला. शेवटी बाईंनी सभोवती उभे होते त्यांना मराठीत सांगितलं, "दाखला मी आज देत नाही. बाळ दुपारपर्यंत आजीकडं राहील, पोरगी सकाळचे तास करेल. महिन्यानं परत बघू." मॅडमना विचारून सांगते, हे त्या म्हणाल्या नाहीत.

हॉलमध्ये आभारप्रदर्शन चाललं होतं. जावईसर रिकाम्या खुर्च्यांचे मनःपूर्वक आभार मानत होते.

चादर टाकून मी खाली आले ती सरळ अधिकाऱ्यांवर गेले. माझा अर्धा दिवस कुठं गेला म्हणून विचारलं. ते मोबाइल पुढं करून म्हणाले, फोटो फार छान आलेत. मी भांडतच होते, तेवढ्यात खिचडी घेऊन ते उजनीकडचे गुरुजी जवळ आले. अदबीनं म्हणाले, "बाई, एक इचारायचं हुतं. ह्या मोठ्या बाईंकडं अजून एक दिवस बसायला मिळंल का? माझ्याकडं बी टँकरच येतो."

मी म्हणाले, मोठी बाई मीच.

ते चपापले. "माफ करा. तुमी वर बसला हुता, चादर बिदर. मला वाटलं तुमी संस्थेच्या."

सगळ्यांना तसंच वाटलं होतं. अभिप्रायातही साऱ्यांनी मुख्याध्यापिका म्हणून पर्यवेक्षिकाबाईंचंच कौतुक लिहिलं. अधिकाऱ्यांनी त्यावरून अहवाल केला, त्याला अभिनव उपक्रम म्हणून वरून शाबासकी आली, आणि आता दर तुकडीला शाळाभेट असते. शाळांना आधी पत्र जातं, त्यात स्वागत साधेपणानं करावं असं लिहिलेलं असतं. बसण्याचा, बघण्याचा त्यात शब्द नाही. एक सूचना मात्र नवीन आहे, की प्रशिक्षणार्थ्यांचं वाहन गेटाबाहेर लावावं. मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात माझ्या भांडणानं झालेली सुधारणा ती एवढी.

पाहुणे गेल्यावर पर्यवेक्षिकाबाई केबिनमध्ये आल्या. मला वाटलं नकार घेऊन आल्या असणार. मी समजावण्याच्या तयारीत होते, काय काय बोलायचं तेही मनात जुळवलं होतं. त्या बसल्या. एरवी त्या बसत नसत.

"मी घेते," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे."

मी म्हणाले, सांगा. मनात म्हटलं, मदतीला येत जा म्हणतील.

"निवृत्त झाल्यावर तुम्ही शाळेत यायचं नाही."

 त्या खाली मान घालून, पण नीट बोलत होत्या. "तुम्ही इथं असलात की सगळे तुमच्याकडंच येणार. मीपण येणार. आज तुम्ही वर अडकला होता म्हणून जमलं."

राग आला. या शाळेत खडूपासून बाकापर्यंत प्रत्येक गोष्ट मी भांडून आणलेली. मी म्हणाले, महिनाभर नाही येत. त्या म्हणाल्या, वर्षभर. मी दिवाळीपर्यंत आले. त्या वर्षभरावरून हलल्या नाहीत, उलट वर म्हणाल्या, "फोनपण करायचा नाही." मी म्हणाले, हे फार होतंय. त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या, आणि बाहेर जावईसर कुणाला तरी केबिनची खिडकी दाखवताना मला ऐकू येत होते.

मी बरं म्हणाले. आयुष्यात मी इतक्या पडत्या भावानं काही दिलेलं नाही.

वर्ष अजून पुरं व्हायचंय. शाळेच्या रस्त्यानं जायचं झालं तर मी पलीकडच्या बाजूनं जाते. बातम्या भाजी घेताना पालकांकडून कळतात. ती नववीतली पोरगी दहावीत आली, तिच्या आईनंच सांगितलं. जावईसरांना सूत्रसंचालनाचं काम कायमचं दिलंय. शिपायाला गेटवरून काढून आत घेतलंय आणि पालक थेट ऑफिसात जातात. माझ्या वेळेला मी हे करू दिलं नसतं, त्यात अर्धा दिवस जातो. तसं सांगणार होते, पण अट पडली. मी फोन करायचा नाही असं ठरलंय, त्यांनी मला करू नये असं कुठं ठरलंय? तरी आजवर त्यांचा एकही फोन नाही. पगारबिल आहे, बोर्ड आहे, अध्यक्ष आहेत, टाकी आहे. एवढ्या सगळ्यात त्या बाईला मला विचारावं असं एकदाही काही अडलं नसेल?